360 रुपयांचा फरक

फरक 360 रुपयांचा निघाला. बँकेत लेजरवर, म्हणजे खातेवहीवर, बसून ज्यांनी वर्षं काढली आहेत त्यांच्या लगेच ध्यानात येईल की या आकड्याला नऊनं भाग जातो. असा फरक आला की बहुतेक वेळा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, 54 च्या जागी 45, 81 च्या जागी 18. आता ती अदलाबदल कोणाच्या हातून झाली, मशीनवर बसणाऱ्या माझ्या, की सात नंबरचं लेजर लिहिणाऱ्या त्याच्या, एवढंच शोधायचं होतं. पण त्या संध्याकाळी आमच्या शाखेत या एवढ्याशा प्रश्नावर सगळ्यांची पोटं अवलंबून आहेत असं वातावरण होतं.

1991 चा जानेवारी. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली. आमची शाखा चाटी गल्लीजवळ, त्यामुळे दुपारपासूनच रस्त्यावर नुसती माणसं. मशीन दिवाळीनंतर आलं होतं. आम्ही त्याला कॉम्प्युटर म्हणत असू, पण कागदोपत्री ते लेजर पोस्टिंग मशीन होतं. कोपऱ्यात काचेची खोली केली, एसी बसवला, चपला बाहेर काढून आत जायचं. शाखेत पंखे गरगरत होते आणि त्या डब्याला मात्र गारवा, याचाच आधी लोकांना राग.

राग नुसता एसीचा नव्हता. 1983 मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, 1984 मध्ये बँकांतल्या कॉम्प्युटरबाबत रंगराजन समितीचा अहवाल आला, तेव्हापासून आज ना उद्या हे दारात येणार हे माहीत होतं. कोणाला कामावरून काढणार नाही असं वरचे सांगत. पण सोलापुरात असल्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? 1877 साली उभी राहिलेली जुनी मिल माझ्या पिढीनं पाहिली ती बंदच. माझे बाबा दुसऱ्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांची गिरणी तेव्हा चालू होती, पण बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगारांच्या जागी काम मिळणारे, दारातून परत जात होते आणि भोंगा वाजला की आईचा जीव खालीवर होत होता. गिरणी कशी आटत जाते ते आम्ही घरात बसून पाहत होतो.

सात नंबरचं लेजर लिहिणारा तो आमच्या युनियनचा सेक्रेटरी. नाव कोणी घेतच नसे, 'सेक्रेटरी' म्हणूनच हाक मारायचे. साखर पेठेतल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरातला. वडील चादरीच्या यंत्रमागावर, आई विड्या वळायची, दिवसाला हजार. तो द्वारसभेत, म्हणजे युनियनच्या दारातल्या सभेत, बोलायला उभा राहिला की शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे गप्प ऐकत. साठच्या दशकात कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या त्यांच्या कार्यालयात कॉम्प्युटर येऊ नये म्हणून कसा रात्रंदिवस पहारा दिला, ते तो अशा आवाजात सांगायचा की अंगावर काटा यायचा.

एकदा मी त्याला म्हटलं होतं, "तुमच्या घरातल्या मागावर जॅकार्ड आहे ना? भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून चादरीवर मोर उठतो. कॉम्प्युटरचं मूळ तिथंच आहे म्हणतात. अमेरिकेत 1890 ची जनगणना असल्याच भोकांच्या कार्डांवर मोजली."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, पुठ्ठे आले तेव्हा नक्षीचे धागे हातानं उचलायला बसणारी पोरं कुठं गेली, ते कोणी लिहून ठेवलंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आमचं जे काही होतं ते कॉलिंगमध्ये जमलं. बँकेबाहेरच्यांसाठी सांगते: दिवसभराची पोस्टिंग, म्हणजे लेजरमधल्या नोंदी, झाली की एकजण व्हाउचर, म्हणजे पैसे भरल्या-काढल्याची चिठ्ठी, मोठ्यानं वाचायचा, दुसरा लेजरमध्ये तोच आकडा पाहून टिक करायचा. दोन वर्षं आम्ही दोघं सात आणि आठ नंबरच्या लेजरवर समोरासमोर बसलो. रोज संध्याकाळी तास-दीड तास. खाते 2214, जमा, दोनशे पाच. टिक. खाते 2231, नावे, पन्नास. टिक. यात कसलं प्रेम, असं कोणालाही वाटेल. पण आकडा मराठीत वाचणारा तो बेरीज मात्र ओठांतल्या ओठांत तेलुगूत करायचा, ओकटी, रेंडु, मूडु, आणि पानाचा शेवट आला की त्याची पेन्सिल माझ्या बाजूला सरकायची. माझ्या डब्यातली शेंगाचटणी त्याच्या कागदावर जायची, त्याच्या आईच्या हातची कडक भाकरी माझ्याकडे यायची. याहून जास्त काही बोलणं झालं नव्हतं. दोघांच्या घरच्या भाषा वेगळ्या, जाती वेगळ्या. बोलून पुढे काय, हा प्रश्न दोघांनाही होता.

मग मशीनसाठी चाचणी झाली. मी बसले आणि पास झाले. ऑपरेटरचा भत्ता मिळणार होता आणि घरात त्याची गरज होती, हे मी लपवत नाही. पण मला ते शिकायचंही होतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अभिनंदन, मॅडम." त्यानंतर अडीच महिने कामापुरतंही बोलला नाही. माझ्या जागी दुसरं कोणीतरी टिक करायला बसलं. मी काचेच्या आत हिरव्या अक्षरांसमोर एकटी. बाहेरचे आकडे वाचलेले दिसायचे, ऐकू यायचे नाहीत.

तीन महिने हातानं आणि मशीनवर, दोन्हीकडे काम करायचं होतं. दोन्हींची जुळणी झाली की लेजरं बंद. डिसेंबरची सहामाही धरून जुळणीला बसलो. बाकी सगळी लेजरं जुळली. सात नंबरला मशीनची बेरीज 360 नं जास्त.

खरं तर जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकूण बेरजांच्या वहीशी, ताडून पाहिलं असतं तर कोणाचं बरोबर ते दहा मिनिटांत कळलं असतं. पण आमच्या शाखेत बचत खात्यांचा जुना फरक वर्षानुवर्षं पुढे ओढत आणलेला, त्यामुळे जनरल लेजर कोणाच्याच बाजूनं साक्ष देईना. हेडक्लार्क काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, यंत्राला हिशेब येत नाही." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी काचेच्या दारात उभी होते. त्या टाळ्या मला लागल्या. माझी बोटं चुकली असतील तर मशीन परत जाईल, आणि मशीन परत गेलं तर बाहेरच्या सगळ्यांना सुटल्यासारखं वाटेल, हे मला दिसत होतं.

सहा वाजता सगळे गड्ड्याला गेले. साहेब केबिनमध्ये, शिपाईमामा दाराशी, आणि मी. प्रिंटर करकर करत याद्या काढत होता. थोड्या वेळानं तो आला. सात नंबरचं लेजर दोन्ही हातांनी उचलून त्यानं काचेच्या खोलीबाहेर टेबलावर ठेवलं. म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाचा. मी टिक करतो."

खोलीचं दार उघडं ठेवून मी उंबऱ्यातच खुर्ची घेतली. यादी वाचू लागले. बाहेरून होम मैदानावरच्या पाळण्यांचे भोंगे, पिपाण्या, मौत का कुआँमधल्या मोटरसायकली. खात्यामागून खातं. मामांनी दोनदा च्या आणला, दोन्ही वेळा गार झाला. साडेआठच्या सुमाराला एका खात्याची बाकी मी वाचली आणि टिक आली नाही.

मी वर पाहिलं. त्यानं पान माझ्याकडे वळवलं. नोव्हेंबरमधली एक जमा. व्हाउचरांचा गठ्ठा सोडून ती चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर 1620. माझ्या यादीत 1620. लेजरमध्ये, त्याच्या त्या गोल, सुबक अक्षरात, 1260.

साहेब केबिनमध्ये होते. मामा दारात. व्हाउचर माझ्या हातात होतं आणि पान त्याच्या. तो गप्प बसला असता तर मी काय केलं असतं, ते मला खरंच सांगता येत नाही.

तो खात्यावरचं नाव पाहत होता. नावापुढे अंगठ्याची खूण. "विडीवाली आहे," तो म्हणाला. "आईच्याच कारखान्यातली. पासबुक याच पानावरून भरलं असतं. तिला वाचता येत नाही, ती विचारायलाही आली नसती."

त्यानं तांबडं पेन उघडलं. 1260 वर एक सरळ रेघ, वर 1620. मग त्याखालची एकेक बाकी, पानाच्या शेवटापर्यंत, अकरा ओळी. प्रत्येक दुरुस्तीपुढे स्वतःची सही. सहामाहीचं व्याज त्या बाकीवर निघणार होतं, तेही नव्यानं काढलं, ओठांतल्या ओठांत, तेलुगूत. घाई केली नाही. मग लेजर घेऊन साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "फरक सापडला. माझी चूक आहे. सही करा."

दुसऱ्या दिवशी द्वारसभेत त्यानं हे स्वतः सांगितलं. मशीनला विरोध कायम आहे, माणसं कमी करू देणार नाही, पण खोट्या फरकावर लढणार नाही, असं म्हणाला. काही जण त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्याची भीती खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. 2000-01 मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली, देशभरातून लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. आमच्या शाखेतले नऊ जण एकाच दिवशी गेले. त्या रात्री तो जेवला नाही, आणि मीही त्याला आग्रह केला नाही.

पण ते पुढचं. त्या गड्ड्याच्या रात्री त्यानं मला घरापर्यंत सोडलं. सायकल हातात धरून चालत, कारण गर्दीत बसून जायला जागाच नव्हती. वाटेत फारसं बोललो नाही. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला आणि म्हणाला, "तुमच्याशिवाय टिक करताना चुकलो असेन नोव्हेंबरात." आणि सायकलवर बसून निघून गेला.

बाबा दुसऱ्या पाळीहून नुकतेच आले होते. उशीर का, म्हणाले. मी सगळं सांगितलं, 1260 आणि 1620 सकट. त्यांनी जेवता जेवता ऐकून घेतलं.

"चूक त्याचीच होती?"

"हो."

"आन् त्यानंच दावली?"

"हो."

बाबांनी ताटात पाणी फिरवलं. उठता उठता म्हणाले, "रविवारी बोलाव त्याला घरी. आईलाही घेऊन ये म्हणावं."