वायसर बघितलास का?

दुपारी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि मोजा ओला झाला. ओल्या मोज्यासारखी चिडचिड दुसऱ्या कशाने होत नाही. मोजा काढून टाकला तरी ती थोडा वेळ पायाला चिकटून राहते. डिशवॉशर आपल्याच नादात घुमत होता आणि त्याच्या पुढ्यात, डाव्या कोपऱ्यात, बशीएवढं पाणी साचलं होतं. फार असतं तर परवडलं असतं. घोट्याएवढ्या पाण्यात माणूस आरडाओरडा करतो, कुणाला तरी बोलावतो. बशीएवढ्या पाण्यासाठी कुणाला बोलावणार? फडकं मारलं, ‘सांडलं असेल कुणाच्या हातून’ म्हटलं, झालं. दुसऱ्या दिवशी बशी त्याच जागी.

संध्याकाळी अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी डिशवॉशर कधी वापरलेला नाही, त्यात त्यांना रसही नाही. तरी लगेच विचारलं, “वायसर बघितलास का?”

अण्णांच्या लेखी गळणाऱ्या प्रत्येक वस्तूचं दुखणं वायसरातच असतं. आमच्या लहानपणी मोरीतला नळ कायम गळायचा. जुन्या चपलेच्या तळव्यातून ते वायसर कापायचे: छोटीशी चकती, मधे तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक. खिळा रबरात शिरताना जो वास यायचा तो मला अजून आवडतो, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. तो वायसर आठवडाभर टिकायचा. मग पुन्हा टप्... टप्... रात्री निजानीज झाली की तो आवाज भिंती ओलांडून उशाशी यायचा. मी थेंब मोजत पडायचे. दोन थेंबांमधला वेळ सारखा नसायचा, खरा छळ त्याचाच.

एका रात्री अण्णा उठले. आईच्या शिवणाच्या डब्यातून जाड दोरा काढला, नळाच्या तोंडाला बांधला आणि दुसरं टोक खाली बादलीत सोडलं. थेंब आला, दोऱ्याला लागला आणि बिनबोभाट खाली उतरला. त्याच्यामागून दुसरा. मी मोरीच्या दारात उभी राहून किती तरी वेळ बघत होते. नळ गळतच होता आणि घराला झोप लागली. तो दोरा पुढे काळा पडला, मग हिरवट झाला, मग नवा आला. नळ काही कधी नीट झाला नाही.

डिशवॉशरला दोरा बांधायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी खालची पट्टी काढली, आत वर्तमानपत्राचा कागद सरकवला, डिशवॉशर चालू केला आणि बॅटरी घेऊन फरशीवर पालथी पडले. डावीकडे पाणी म्हणजे डावीकडे गळती, असा माझा सरळ हिशोब होता. पण पाणी नळीच्या पोटाला चिकटून वीतभर पुढे जातं, फरशीचा उतार धरतं आणि मनाला येईल तिथे प्रकट होतं. जागेपेक्षा वेळ बघावी. यंत्रात पाणी भरताना ओल आली तर आत येणारी नळी, धुताना आली तर दार, पाणी उडवणारा पंखा नाहीतर पंप, आणि घाण पाणी फेकताना आली तर बाहेर जाणारी नळी. पाणी भरून झालं, कागद कोरडा. मग फवारे सुरू झाले, आतून दारावर सपकारे बसायला लागले आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब धरला. फुगला, थरथरला, लोंबला आणि अगदी नाइलाज झाल्यासारखा सुटला. कागदावरच्या कुठल्याशा शिळ्या बातमीवर पडला. जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं मला.

आता एक कबुली. आमच्या घरात डिशवॉशरमध्ये भांडी लावायचा हक्क माझा आहे. दुसऱ्या कुणी लावली तर मी ती गुपचूप काढून पुन्हा लावते. मोठी पसरट ताटं सगळ्यांत पुढे, अगदी दाराशी, कारण काढताना ती आधी हातात यावीत. खालच्या पंख्याचा फवारा अशा ताटांवर आपटून थेट दाराच्या फटीकडे वळतो, हे नवऱ्याने कुठेसं वाचलं आणि मला वाचूनही दाखवलं. मला त्या वेळी नीट ऐकू आलं नाही.

जोसेफिन कॉक्रेनबाईंनाही भांडी कशी लावावीत याबद्दल मतं असणारच. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या या बाईंनी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट 1886मध्ये घेतलं, आणि कारण काय, तर नोकर घासताना त्यांच्या उंची बशांचे टवके उडवत होते. बशांच्या मापाचे तारेचे कप्पे, तांब्याच्या टाकीत फिरणारं चाक आणि साबणाच्या पाण्याचा मारा. 1893च्या शिकागोच्या प्रदर्शनात ते यंत्र मांडलं गेलं. हॉटेलांनी ते आधी उचललं, घरांनी फार उशिरा. त्या तांब्याच्या टाकीखाली फडकं घेऊन कोण बसत असेल, असा प्रश्न मला पालथं पडल्या पडल्या पडला. बहुधा तेच नोकर.

चौथ्या दिवशी आमच्या यंत्राने धुणं सोडलं आणि नुसती घरघर लावली. बटण बंद केलं तरी घरघर चालूच. तळाशी एक तबक असतं आणि त्यात थर्माकोलचा एक तुकडा. झिरपलेलं पाणी तिथे साचलं की तो तुकडा तरंगतो, कळ दाबली जाते आणि यंत्र सगळं सोडून फक्त पाणी बाहेर फेकत बसतं. प्लग काढला तेव्हा गप्प झालं. पाण्याचा नळ बंद केला, तबकातलं पाणी स्पंजने टिपलं.

मग एकाच दुपारी तीन गोष्टी केल्या. दाराचं रबर पुसलं. ते तीनच बाजूंनी फिरतं, खालच्या कडेची पट्टी वेगळी असते आणि तिच्या घडीत जो राखाडी लगदा सापडला त्याचं वर्णन नको. मग पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, ठेवून पाहिली, तर बुडबुडा मागे पळालेला, म्हणजे सगळं धूड दाराकडे झुकलेलं. पुढचे पाय फिरवून उंच केले. आणि घरात कुणी नाही असं बघून ताटं मागच्या ओळीत नेली.

गळती थांबली. नेमकी कशाने, ते कळायचं तर एकेक गोष्ट पुन्हा बिघडवून बघायला हवी. तेवढी जिज्ञासा माझ्यात नाही. शिवाय ताटांमुळेच होती असं निघालं, तर?

अण्णांना कळवलं. “थांबलं.”

“वायसर होता ना?”

“रबर पुसलं. थोडं वर उचललं. असंच काहीबाही केलं.”

“म्हणजे कशामुळे होतं ते कळलं नाही.”

“नाही.”

ते जरा वेळ गप्प राहिले. “मग येईल परत,” म्हणाले आणि फोन ठेवला.

कागद मी अजून काढलेला नाही.