पंचावन्न घोडे, चोपन्न स्वार

मी ठाण्यात लोकांना चालवते. कुणी व्यवसाय विचारला की एवढंच सांगते, कारण 'हेरिटेज वॉक' म्हटलं की समोरच्याला मी पुरातत्त्व खात्यातली वाटते आणि तो घराजवळच्या मूर्तीचा फोटो दाखवायला लागतो. शनिवार-रविवार सकाळी पंधरा-वीस माणसं घ्यायची, तळ्याकाठून, देवळावरून, चर्चवरून किल्ल्याच्या भिंतीपाशी न्यायची आणि नाश्त्याच्या वेळेला धडधाकट परत सोडायची. गिऱ्हाईक बहुतेक ज्येष्ठ नागरिक संघांचं. म्हणून माझ्या जाहिरातीत पहिला शब्द 'सोपी' असतो, आणि त्या एका शब्दाची लाज राखण्यात माझा सगळा आठवडा जातो.

सोपी म्हणजे अडीच किलोमीटरच्या आत. वितीहून उंच पायरी नाही. वाटेत एक स्वच्छतागृह, आणि ते रविवारी सातला खरंच उघडं असतं का हे आदल्या रविवारी सातला जाऊन बघायचं. पेव्हर ब्लॉक कुठे डुगडुगतात ते दर पावसाळ्यानंतर नव्याने तपासायचं, कारण खालची वाळू वाहून जाते आणि वरून काही कळत नाही. दर बारा-पंधरा मिनिटांनी टेकायला काहीतरी हवं. हे मोजायला माझ्याकडे एक यंत्र आहे, सासूबाई. वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. नव्या वाटेवर आधी त्यांना नेते. जिथे त्या "अजून किती गं?" म्हणतात तिथे वहीत फुली. फुलीच्या आसपास बाक, कट्टा, दुकानाची पायरी काहीच नसेल तर वाट रद्द. उपवनच्या पुढची येऊरच्या पायथ्याची एक देखणी वाट मी अशी जड मनाने सोडली. कचराळी तलावाला मात्र त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि मलाच विचारलं, "दमलीस का?"

त्या रविवारचा गट कोलशेतकडच्या एका संघाचा होता. एकोणीस माणसं आणि एक सेक्रेटरी. सेक्रेटरी वेगळे मोजते, कारण ते चालत नाहीत, घड्याळ बघतात. गडकरी रंगायतनपाशी जमलो, मासुंदा तलावाच्या कडेने निघालो. काचेच्या पदपथावर नेहमीप्रमाणे अर्ध्या बायकांनी पाऊल टाकलं नाही. उरलेल्या अर्ध्यांनी तिथे सेल्फी काढण्यात दहा मिनिटं घालवली. कोपिनेश्वरात मी रामाजी महादेव बिवलकरांचं नाव सांगते. साष्टी, म्हणजे ठाण्यासकटचं हे बेट, मराठ्यांकडे आल्यावर १७६० च्या सुमाराला सरसुभेदार म्हणून त्यांनी हे देऊळ उभं केलं. तिथे दर वेळी कुणीतरी विचारतंच, "इथून किल्ल्यापर्यंत भुयार आहे ना?"

या भुयारांवर माझा राग आहे. महाराष्ट्रात दोन जुन्या वास्तू एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असल्या की मधे भुयार झालंच. आमच्या धंद्यातले काही जण ते हौसेने सांगतात, एक जण तर घोडा जाईल एवढं रुंद सांगतो. मी त्या दिवशीही ठणकावून सांगितलं, "भुयार नाही. माझ्यासोबत चालताना जे कागदावर सापडतं तेवढंच ऐकायला मिळेल." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मीही ठेवलेलं आहे.

जांभळी नाका, टेंभी नाका करत आम्ही तुरुंगापाशी आलो. ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. आत जाता येत नाही, फोटो काढायचे नाहीत, भिंतीला चिकटून उभं राहायचं नाही. म्हणून मी लोकांना रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभं करते. आधी १९ एप्रिल १९१०. अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथे फाशी दिलं. त्यावर मी फार बोलत नाही, लोक आपोआप गप्प होतात. मग त्र्यंबकजी डेंगळे.

ही माझी हातखंडा गोष्ट. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, तो त्र्यंबकजीने करवला असं म्हणत इंग्रजांनी त्याला मागून घेतलं आणि इथे कोंडलं. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई, म्हणजे कुणी फितूर व्हायला नको. आणि तिथेच फसले. एका साहेबाचा मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, रोज घोडा फिरवत खिडकीखालून जायचा आणि सहज गुणगुणल्यासारखं गायचा. बेत सगळा गाण्यात. पहारेकऱ्यांच्या कानावर शब्द न् शब्द पडत होता, पण मराठी कुणाला येत होतं! १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी पसार.

एवढं ग्रँट डफ या इंग्रज अमदानीतल्या इतिहासकाराच्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. गाण्याचे शब्द मात्र त्यात नाहीत. ते कलकत्त्याचा बिशप हेबर याने दिलेत. त्याने १८२४ मध्ये उत्तरेतल्या चुनारच्या किल्ल्यात, पुन्हा पकडलेल्या त्र्यंबकजीला बघितलं होतं. पण त्याचं गाणं इंग्रजीत, चांगलं यमक जुळवलेलं. झुडपामागे तिरंदाज, झाडाखाली घोडा, पंचावन्न घोडे आणि चोपन्नच स्वार. आता ठाण्याच्या भिंतीसमोर उभं राहून मराठी माणसांना मराठी मोतद्दाराचं गाणं इंग्रजीत कसं ऐकवायचं? चार वर्षांपूर्वी कचराळीच्या बाकावर बसून मी ते मराठीत रचलं. चाल माझ्या आईच्या जात्यावरच्या ओवीची.

पंचावन्न घोडे बाई, स्वार का गं चोपन्न
एक खोगीर रिकामं, कुणाची गं आठवण

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मी सांगायचे की हे मी रचलंय. तसं सांगितलं की लोक कौतुकाने मान डोलावायचे आणि गोष्ट तिथेच बसायची. एकदा सांगायचं राहिलं, आणि तेव्हा एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ते राहतच गेलं. खोटं मी कधी बोलले नाही. फक्त "मोतद्दार म्हणायचा" असं म्हणून गायला लागायचे.

त्या रविवारीही तसंच गायले. संपल्यावर मागे उभ्या असलेल्या एक काकू पुढे आल्या. सत्तरीच्या पुढच्या, काठपदराची सुती साडी, पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. वाटभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "हे माझी आजी म्हणायची. पण तू चुकतेस बाळा." आणि भिंतीकडे बघत, खालच्या पट्टीत, म्हणून दाखवलं.

पंचावन घोडं दादा, सवार का रं चोपन
खोगीर एक मोकळं, कुनाची रं आठवण
खाडीला लागली ओहटी, नको लावू आता येळ

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. मी "वा काकू" म्हटलं आणि पुढे चालायला लागले. एकोणीस माणसांसमोर मला तेवढंच सुचलं.

पहिल्या दोन ओळी माझ्या आहेत, यात शंका नाही. त्या फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचल्या असणार. लोक मोबाइलवर रेकॉर्ड करतात, गटांवर टाकतात, आणि आजीच्या नावाने मनात जागा करून घ्यायला ओवीला फार दिवस लागत नाहीत. इथपर्यंत मला कळतं. पण 'बाई'चं 'दादा' झालंय. ती माझी खरी चूक होती, आणि चार वर्षांत एकाही जाणकाराच्या लक्षात आली नव्हती. घोड्याला खरारा करणारा पुरुष जात्यावरच्या बायकांसारखं 'बाई गं' कशाला म्हणेल? आणि तिसरी ओळ माझी नाही. हेबरचीही नाही. त्याच्या गाण्यात जंगलवाटा आहेत, खाडी कुठेच नाही. ठाण्याचा किल्ला मात्र खाडीवरच आहे.

परत येताना चहाच्या टपरीवर मी काकूंच्या शेजारी बसले. माहेर कुठलं विचारलं. म्हणाल्या, संगमनेरकडचं. मी कपबशी खाली ठेवली. त्र्यंबकजीचं निमगाव जाळी संगमनेर तालुक्यातच, त्याचा वाडा तिथे आहे. पण त्र्यंबकजी कोण हे काकूंना त्या दिवशी माझ्याकडूनच कळलं होतं. त्यांना ते घोड्याचं गाणं म्हणूनच ठाऊक होतं.

बरं, संगमनेरच्या आजीच्या तोंडी खाडी कुठून आली? तिकडे नदी, ओढा, विहीर. ओहटी बघायला त्या बाईला चार दिवस बैलगाडीत बसावं लागलं असतं. म्हणजे एकतर ती ओळ ठाण्याहूनच तिकडे गेली, दोनशे वर्षांपूर्वी, ज्याला निरोप होता त्याच्या माणसांबरोबर. नाहीतर चाळीस वर्षं कोलशेतला खाडीच्या काठावर संसार केलेल्या काकूंनीच ती जोडली, आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नाही. पहिल्या शक्यतेने मला रात्री झोप येत नाही. दुसरीने तर मुळीच नाही, कारण मीही तेच केलं होतं, फक्त मला माहीत होतं.

चार दिवसांनी मी काकूंना फोन केला. आधी कबूल केलं की त्या दोन ओळी मी रचल्यात. पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "असं कसं? आजीच म्हणायची. दळताना नाही, गाईची धार काढताना." मी खाडीच्या ओळीबद्दल विचारलं. "तीच तर आधी आठवली मला," त्या म्हणाल्या, "बाकीचं तू म्हटलंस म्हणून जुळलं." मग वांग्याच्या भरताला फोडणी घालायची होती म्हणून फोन ठेवला.

हे घरी सांगितलं. नवरा म्हणाला, सोड, कुणाला कळतंय. त्याला माझं काम कळत नाही ते असं. एका ओळखीच्या गाईडला सांगितलं, तर तो खूश होऊन म्हणाला, "दे मला पाठवून, मस्त आहे." घोडा जाईल एवढं भुयार सांगणारा तोच.

परवाच्या रविवारी दुसरा गट होता. मी ठरवून गेले होते की गोष्ट सांगायची, गाणं नाही. भिंतीसमोर उभी राहिले, मोतद्दारापर्यंत आले आणि थांबले. पुढे एक निवृत्त गृहस्थ वही-पेन घेऊन उभे होते. म्हणाले, "तो गायचा काय, ते सांगा ना."

मी म्हटलं, पहिल्या दोन ओळी माझ्या आहेत, मी रचलेल्या. आणि त्या म्हटल्या, 'दादा' घालून. मग तिसरीही म्हटली. ती कुणाची ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी पेन वर केलं.

"ओहटी की ओहोटी?"

"ओहटी," मी म्हटलं. काकूंनी तसंच म्हटलं होतं.

त्यांनी लिहून घेतलं.