पूर्वदाखला

‘यास पूर्वदाखला आहे काय?’

माझ्या टिपणीच्या समासात हिरव्या शाईत एवढी एकच ओळ लिहून नस्ती, म्हणजे फाइल, परत आली होती. मुंबईतल्या एका सरकारी वीज कंपनीत मी कामगार कल्याण अधिकारी आहे. क्रिकेट, कबड्डी, कॅरम, नाट्यस्पर्धा यांच्या नस्त्या बावीस वर्षं माझ्याच टेबलावरून गेल्या. महिलांच्या फुटबॉल संघाची ही पहिलीच.

ती मागणी माझी नव्हती. आमच्या एका उपकेंद्रात कोल्हापूरची एक पोरगी यंत्रचालक आहे. ३० ऑक्टोबर २०२२ ला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. ही रात्रपाळी करून तिकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी. “मॅडम, आमच्याकडं पेठापेठांत फुटबॉल हाय. पोरं शाहू स्टेडियमवर खेळायची, आम्ही नुसतं बघायचं. हितं तरी एक संघ काढूया की.”

मी टिपणी लिहिली. मुंबईचा फुटबॉल ऑफिसांच्याच संघांनी जगवला. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, एअर इंडिया, ओएनजीसी. कूपरेजवर रोव्हर्स चषकाला गर्दी व्हायची ती या नावांना. पण ते सगळे पुरुषांचे संघ. रेल्वेचा महिला संघ आहे, तो २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय विजेताही झाला. साहेब म्हणाले, रेल्वेचं गणितच निराळं. तिथे खेळाडूंची भरती होते. आपल्यासारख्या संस्थेचा दाखला आणा.

वीज कंपनीचा, सरकारी, आणि बायकांचा फुटबॉल संघ! तीन रात्री शोधलं आणि सापडला तो थेट पूर्व जर्मनीत. पोट्सडाम शहरात सरकारी वीजपुरवठा संस्था होती. १९७१ च्या आरंभी तिथे भिंतीवर एक कागद लागला: महिलांचा फुटबॉल संघ काढत आहोत, नाव नोंदवा. ३ मार्च १९७१ ला संघ उभा राहिला. नाव टर्बिने पोट्सडाम. टर्बिने म्हणजे आपलं टर्बाइन! ते नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच.

त्या नस्तीची तारीख मला तोंडपाठ आहे, पण सांगायचा आहे तो दिवस. सकाळी अकराला साहेबांनी बोलावलं. दोन पानांचा दाखला जोडून मी समोर बसले. साहेब वाचता वाचता मध्येच प्रश्न विचारायचे.

“प्रशिक्षक कुठून आणला?”

“त्याच संस्थेत नोकरीला होते, साहेब. बेर्न्ड श्र्योडर. ते २०१६ पर्यंत या संघाबरोबर होते.”

साहेबांनी चष्मा काढला. पंचेचाळीस वर्षं एकाच संघाला देणारा माणूस म्हटल्यावर कुणीही थांबेल.

मग मी सगळंच सांगत सुटले. पश्चिम जर्मनीत १९५५ पासून बायकांच्या फुटबॉलवर महासंघाची बंदी होती, ती १९७० मध्ये उठली. पूर्वेकडे बंदी नव्हती, पण कौतुकही नव्हतं. तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांचा फुटबॉल नव्हता, म्हणजे पदक नाही, म्हणून वरून पैसा नाही. सरकार धावपटूंवर, जलतरणपटूंवर खर्च करायचं. फुटबॉल खेळणाऱ्या बायका हौशी गणल्या जायच्या. देशपातळीवरची स्पर्धा सुरू झाली १९७९ मध्ये, तिलाही अजिंक्यपद म्हणायचे नाहीत, ‘सर्वोत्तमाची निवड’ म्हणायचे. ती पोट्सडामच्या बायकांनी १९८१ ते १९८९ मध्ये सहा वेळा जिंकली. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की संघाला वर्षानुवर्षं आधार होता तो एका वीज संस्थेचा. आमच्यासारख्या ऑफिसांना तेवढं नक्की जमण्यासारखं आहे.

“आणि देशच गेल्यावर?” साहेबांनी विचारलं.

पूर्व जर्मनीच्या महिला संघाचा अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना एकच झाला, ९ मे १९९० ला, पोट्सडाममध्येच. प्रशिक्षक श्र्योडरच. चेकोस्लोव्हाकियाकडून ०-३ हार. काही महिन्यांत तो देश नकाशावरून गेला. संघ मात्र टिकला. २००४ मध्ये एकत्रित जर्मनीचा विजेता, २००५ मध्ये युरोपचा विजेता, २०१० मध्ये पुन्हा, फ्रान्सच्या लिआँ संघाला पेनल्टींवर ७-६ ने हरवून. पुढे श्रीमंत पुरुष क्लबांनी आपापले महिला संघ काढले, पैसा तिकडे वळला, आणि २०२३ मध्ये पोट्सडाम पहिल्या श्रेणीतून खाली घसरलं. हेही मी लपवलं नाही. नस्तीत अर्धा दाखला जोडायचा नसतो.

साहेबांनी लिहिलं, ‘मान्य. सरावासाठी आठवड्यातून दोन दिवस एक तास लवकर सोडावे.’ कागदावर सही वाळेपर्यंत मी तिथेच उभी होते.

दुपारी तळमजल्यावरच्या फलकावर सूचना लावली. एका बाजूला पतसंस्थेच्या वार्षिक सभेचा कागद, दुसऱ्या बाजूला एका निवृत्ती सत्काराचा. खाली नाव, हुद्दा, विभाग असे तीन रकाने आखलेला तक्ता, दोऱ्याला बांधलेलं पेन. पाचपर्यंत सात नावं पडली. लेखा विभागाच्या दोन, बिलिंगच्या तीन, एक कनिष्ठ अभियंता आणि आमची कोल्हापूरकरीण. तिने पहिल्या ओळीत नाव लिहिलं होतं, अक्षर कागदाच्या मागे उमटेल इतकं दाबून.

सहाच्या सुमाराला निघताना पाहिलं, तर जिना झाडणाऱ्या ताई फलकापाशी थांबल्या होत्या. बादली बाजूला ठेवून बोटाने एकेक शब्द वाचत होत्या. मला म्हणाल्या, “मॅडम, यात ‘कंपनीच्या महिला कर्मचारी’ लिहिलंय. आम्ही ठेकेदाराच्या ना?”

तो मसुदा मी स्वतः केला होता. सवयीने हात तसाच चालला होता. पोट्सडामच्या त्या कागदावर फक्त महिलांचा संघ, नाव नोंदवा, एवढंच होतं. ते मी सकाळीच साहेबांना वाचून दाखवलं होतं.

कागद काढला, परत चौथ्या मजल्यावर गेले. साहेब बॅग भरत होते. मी काही समजावायच्या आतच त्यांनी सूचना वाचली, नंतर माझ्या दाखल्याचं पहिलं पान मागून घेतलं. ‘कंपनीच्या’ आणि ‘कर्मचारी’ या दोन शब्दांवर त्यांनी स्वतः रेघ ओढली, बाजूला लघुस्वाक्षरी केली. “यांचा विमा कसा करायचा ते उद्या बघू,” म्हणाले.

खाली आले तर ताई तिथेच होत्या, आणि रात्रपाळीला निघालेली कोल्हापूरची पोरगीही. ताईंनी आठवं नाव लिहिलं. हुद्द्याच्या रकान्याशी पेन थांबलं. पोरगीने त्यांच्या हातांकडे बघितलं, रुंद तळवे, भरलेली बादली दोन-दोन मजले चढवणारे.

“ताई, गोलात उभ्या ऱ्हाशीला?”

“म्हणजे काय करायचं?”

“बॉल आला की धरायचा. सोडायचा न्हाई.”

ताई जरा थांबल्या. मग तिच्याकडून एकेक अक्षर विचारून त्यांनी त्या रकान्यात लिहिलं: गोलकीपर.