हनुवटी का निसटायची

आई खुर्चीवर टेकताच म्हणाली, "सर, हिला एखादं सोपं वाद्य सांगा. व्हायोलिन काही जमत नाही." मुलगी आठ वर्षांची. वर्षभर दुसरीकडे शिकलेली. सूर लागत नाही, पकड बसत नाही, लक्ष नसतं, असा शेरा घेऊन आली होती.

सोपं वाद्य कुठलं, याचं उत्तर मी लगेच देत नाही. पियानोची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो, व्हायोलिनवर तो बोटानं शोधावा लागतो, फुंकून वाजवायच्या ट्रम्पेटसाठी पुढचे पक्के दात आलेले बरे. हे सगळं खरं, पण मूल वाद्य हातात कसं धरतं ते आधी पाहायचं असतं.

तिला एक लांब सूर काढायला सांगितला. तारांवर ओढायचा गज सरळ चालला होता, सूर मात्र किंचित उतरलेला. "नीट ऐक बरं," म्हटलं तशी तिनं डाव्या खांद्यावरच्या व्हायोलिनवर टेकवलेली हनुवटी उचलली, मान पार डावीकडे वळवली आणि उजवा कान तारांकडे नेला. वाद्य खांद्यावरून घसरलं. पण तेवढ्यात बोट केसभर पुढे सरकलं होतं आणि सूर अचूक लागला होता! तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

मग मागे उभा राहून तिच्या डाव्या बाजूनं हळूच नाव घेतलं. ती हललीसुद्धा नाही. उजवीकडून घेतल्यावर लगेच वळली.

"फोनही नेहमी उजव्याच कानाला लावते," आई म्हणाली आणि एकदम गप्प झाली.

मी डॉक्टर नाही. वाद्याचं नंतर बघू, आधी कान तपासून घ्या, एवढंच सांगितलं. तपासणीत निघालं की डाव्या कानाला बरंच कमी ऐकू येतं. "मी वर्षभर तिला लक्ष दे म्हणून ओरडत होते हो," सांगताना आईचा आवाज फुटला. मला त्या शेऱ्याचा फार राग आला. इतकं लक्ष देऊन ऐकणारी मुलगी माझ्याकडे क्वचितच आली असेल.

व्हायोलिन सोडायलाच हवं असं नव्हतं, तेही मी स्पष्ट सांगितलं. पण तिला बाकीची वाद्यंही हाताळू दिली. पियानोवर ती फार वेळ रमली नाही. फुंकून वाजवायच्या क्लॅरिनेटची भोकं तिच्या बोटांनी पुरती झाकेनात. मग अर्ध्या मापाचा चेलो, म्हणजे व्हायोलिनचाच मोठा भाऊ, दिला. तो गुडघ्यांत धरायचा, छातीला टेकवायचा, म्हणजे मान मोकळी. व्हायोलिनची सगळ्यात जाड तार साधारण १९६ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १९६ कंपनांवर लावतात, चेलोची ६५ वर, म्हणून तिचा सूर बराच खोल. त्या जाड तारेवर तिनं गज ओढला आणि मध्येच थांबून छातीवर हात ठेवला.

"सर, हा इथं पण वाजतो."

आई विकत घ्यायला निघाली होती. मी थांबवलं. मूल वाढतं तसं माप बदलावं लागतं, सध्या भाड्यानं आणा म्हटलं. आणि माझी खुर्ची उचलून मुलीच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली.