सोडलेला मासा

अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीतल्या दुपारी तीन वाजता ऊन असते, पण ते केवळ दिसण्यापुरते. चास्का नावाच्या गावात, कार्व्हर काउंटीच्या कचेरीला लागून असलेल्या कोर्टहाउस लेकच्या गोठलेल्या पाण्यावर मी एका उपड्या बादलीवर बसलो होतो आणि माझ्या हातात चक्क झारा होता. भजी तळताना वापरतो तसाच, फक्त दांडा लांब. मुलीच्या शेजाऱ्यांनी मासे धरण्यासाठी सव्वा फूट जाडीच्या बर्फाला गिरमिटाने ताटलीएवढे भोक पाडून दिले होते, आणि त्यातल्या पाण्यावर दर चार-पाच मिनिटांनी धरणारी बर्फाची साय काढून टाकणे एवढेच काम माझ्याकडे सोपवले होते. नवशिक्याला गळाआधी झारा देतात, हे मला योग्यच वाटले.

तळे म्हणायचे तर ते मुळात तळे नव्हे. एके काळी चास्काच्या पिवळसर विटांना मोठी मागणी होती. त्यांच्यासाठी माती काढता काढता पडलेला हा खड्डा पुढे पाण्याने भरला. विस्तार जेमतेम दहा एकर आणि खोली मात्र पन्नास फुटांवर, असा तो एखाद्या अवाढव्य विहिरीसारखा आहे. ट्राउट माशाला अंडी घालायला वाहते पाणी आणि तळाशी बारीक गोटे लागतात. इथे दोन्ही नाही. त्यामुळे पॅसिफिकच्या बाजूच्या नद्यांतला हा रेनबो ट्राउट सरकारी हॅचरीत, म्हणजे मासे पैदास करण्याच्या केंद्रात, वाढवून इथे आणून सोडावा लागतो. जानेवारीच्या मध्याला हंगाम उघडला की माणसे बादल्या घेऊन येतात आणि ३१ मार्चपर्यंत तो परत वर काढतात. राज्यातल्या इतर बहुतेक तळ्यांवर हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात, इथे एकच. शिवाय आमिषाला जिवंत मासे आणायचे नाहीत, कारण त्यांतला एखादा निसटून इथेच संसार थाटायचा.

या सगळ्या प्रकाराची मी मनातल्या मनात थोडी थट्टा करत होतो. एका खात्याने मासा सोडायचा आणि माणसांनी परवाना काढून तो धरायचा, याला मासेमारी म्हणायचे की ठेव मोडणे? त्यातच शेजाऱ्यांनी सांगितले की तळ्यात कधीकधी फार मोठे ट्राउट मिळतात, ते हॅचरीत काही वर्षे अंडी देऊन झाल्यावर कामातून मोकळे केलेले असतात. मीही चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीतून मोकळा झालेला माणूस असल्यामुळे हे ऐकून माझी थट्टा जरा बोथट झाली. आयुष्यभर सिमेंटच्या हौदात ठरल्या वेळी वरून पडणारे खाद्य खायचे, आणि शेवटी मोठ्या मेहेरबानीने एका तळ्यात रवानगी, जिथे वरून पडेल ते खाण्याची जुनी सवय हाच सगळ्यात मोठा धोका.

गळ लावून बसण्याला आमच्या कोकणात गरवणे म्हणतात. लहानपणी आम्ही ओढ्यावर गरवत असू, तेव्हा मासा कुठून आला हा प्रश्न कुणाला पडत नसे. पाऊस आला की मासा आला. माझ्या माहितीतला सोडलेला मासा एकच, आजोळच्या विहिरीतला. मामाने शेतातून धरून आणलेला एक मरळ पिल्लू असताना तिच्यात सोडला होता. तो वाढत वाढत हाताएवढा झाला, आणि घरातल्या कुणी त्याच्याकडे कधी खाण्याच्या नजरेने पाहिले नाही, हे ज्या घरात सोमवार सोडून रोज मासळी शिजत असे त्या घराच्या दृष्टीने विशेषच होते. आम्ही पोरे विहिरीच्या काठावर पालथी पडून खाली नाकतोडे टाकत असू. पाण्यावर नाकतोडा पडला की काळोखातून एक चपटे डोके वर येई आणि नाकतोडा नाहीसा होई.

एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी नाकतोडा गरीला लावून सोडला. मरळ नेहमीसारखाच आला. मी त्याला अर्ध्या विहिरीपर्यंत वर खेचला, तेव्हा त्याचे वजन हाताला लागून मी घाबरलो, दोरा ढिला पडला आणि तो सुटून धप्पकन पाण्यात पडला. कुणी ओरडले नाही, कारण कुणाला कळलेच नाही. त्यानंतर त्या सुट्टीत तो आम्हाला दिसला नाही. मेला असता तर तरंगला असता, म्हणून मी रोज सकाळी उठून पाहून येत असे. मरळाला श्वास घ्यायला पाण्यावर यावेच लागते, हे पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचले. म्हणजे तो वर येत होताच. आम्ही काठावर असताना येत नव्हता.

बर्फावर सगळ्यांकडे फ्लॅशर नावाचे यंत्र असते. त्याच्या गोल तबकडीवर मासा आला की रंगीत रेघ उमटते. पण ट्राउट बर्फाच्या लगतच, पाच-सहा फुटांवर फिरतो आणि इतक्या झपाट्याने निघून जातो की रेघ पाहून हात हलवेपर्यंत तो पलीकडे गेलेला असतो. म्हणून जाणकार माणसे सरळ बर्फावर पालथी पडतात, डोक्यावर जाकीट घेतात आणि भोकातून खाली पाहतात. शेजाऱ्यांनी मला तसे करायला सांगितले, तेव्हा माझ्या वयाला ते शोभेल का हा विचार मनात आला. पण आजूबाजूला माझ्याहून थोर माणसे पालथी पडलेली होती.

जाकिटाच्या अंधारात डोळे सरावले आणि भोकाखालचे पाणी हिरवे उजळले. बर्फातून झिरपलेला तो उजेड इतका शांत होता की मी झारा विसरलो. बऱ्याच वेळाने उजवीकडून एक लांब सावली आली. पाठीवर ठिपके, अंगावरून गुलाबी पट्टा, आणि कल्ल्यांजवळचे पर झिजून आखूड झालेले. हौदाच्या भिंतींना घासून ते तसे होतात. तो आमिषाजवळ थांबला. मग, मला तसे वाटले असेल, किंचित वर पाहिले. मी हात आखडून घेतला. तो गेला.

पुढच्याच मिनिटाला शेजाऱ्यांच्या भोकातून एक ट्राउट बाहेर आला, चांगला पावणेदोन फूट. तो हाच की दुसरा, हे मी विचारले नाही, आणि विचारून तरी काय कळणार होते? त्यांनी तो मोठ्या मनाने मलाच दिला. संध्याकाळी मुलीने त्याच्या तुकड्या करून हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावले आणि रव्यात घोळून तळल्या. मी दोन खाल्ल्या. तिसरी वाढायला आली तेव्हा मी नको म्हणालो, पण ते पोट भरले होते म्हणून.