आधी कविता की आधी चित्र?

मी लहान मुलांसाठी प्राण्यांच्या कविता लिहिते, चित्रं दुसरं कुणी काढतं. त्यामुळे लातूर-नांदेडकडच्या शाळांत गेले की बाई-गुरुजी हमखास विचारतात, आधी कविता होते की चित्र? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : आधी जनावर.

गाईचंच घ्या. चित्रकाराला नुसतं 'गाय' म्हटलं की बहुतेकदा दुधाच्या पिशवीवरची येते, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, सपाट पाठीची. तशा संकरित गाई आता आमच्याकडेही गावोगाव आहेत, नाही असं नाही. पण कविता आमच्याकडच्या देवणी जातीच्या गाईची असेल तर वशिंड पाहिजे, लोंबते कान पाहिजेत. त्यातही वानेरा प्रकारची असेल तर अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या; शेवेरा असेल तर पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. आणि कंधारकडची असेल तर गडद लाल. हे ठरल्याशिवाय मी चित्रकाराला ओळ पाठवत नाही.

ठरलं की मात्र माझी निम्मी विशेषणं खोडली जातात. रंग पानावर दिसतोय, तर 'पांढरीशुभ्र' कशाला? (यमकासाठी ठेवावंसं फार वाटतं.) चित्राला हंबरता येत नाही, चालता येत नाही, माझं काम तेवढंच उरतं.

उस्मानाबादी शेळी बहुधा काळी, आणि जुळी करडं देणारी म्हणून नावाजलेली. म्हणून चित्रात करडं दोन. कवितेत आकडा नाही, तो पोरांनी बोट ठेवून मोजायचा.

खरी गंमत टिटवीची. ती उघड्या माळावर, जमिनीवरच अंडी घालते, बहुधा 4, आणि ती आजूबाजूच्या खड्यांत मिसळून जातात. कुणी जवळ आलं की ओरडून रान डोक्यावर घेते. माझ्या ओळी फक्त त्या ओरडण्याच्या :

टिव् टिव् टिटवी,
कुणाला गं उठवी?
बांधावर कोण आलं,
कुणाला ती हटवी?

ती एवढी का ओरडते, हे कवितेत कुठंच नाही. चित्रकारानं अंडी खड्यांत लपवलीत, पोरांना ती आपली आपण सापडायला हवीत. पण वाचून दाखवणारे मोठे लोक पान उघडताच "ते बघ अंडं!" म्हणून मोकळे होतात. बाई, तेवढं करू नका.