रोडग्याची पंगत

आज वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका खेड्यात दूध उत्पादकांच्या जेवणाला गेलो होतो. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण अन् वरून घरचं तूप. मंदिरासमोर पंगत बसली, पण बहुतेक जण संध्याकाळचं दूध काढून, केंद्रावर घालूनच आले होते. गाय कोणाच्या जेवणासाठी थांबत नाही.

माझ्या शेजारच्या काकाजींकडे चार गवळाऊ गायी आहेत. हा आपल्या वर्ध्याचाच वाण, पांढराशुभ्र, उन्हाला टिकणारा. दूध मात्र बेताचं. "संकरित घ्या म्हणतात सारे. पण ते आपल्या उन्हात हाफते ना बापा," ते म्हणाले. मग हिशेब निघाला: गुरांना घालायची सरकीची ढेप, म्हणजे पेंड, महाग, कुटार, म्हणजे भुसा, उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही, अन् गायीच्या दुधाला फॅट ३.५ टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ टक्के लागलं नाही की भाव लगेच खाली. ऐकताना घास अडकला.

वाढायला आलेल्या मावशींच्या हाताला अजून धारेचा वास होता. आग्रहानं तिसरा रोडगा फोडून त्यांनी माझ्या पत्रावळीत टाकला. त्यांना नाही म्हणवलं नाही. निघताना काकाजींनी गोठ्यात नेलं, नुकतीच जन्मलेली कालवड दाखवली. अजून नीट उभी राहत नव्हती.